वेळेवर डिलिव्हरी ९० टक्के की ५०? व्यवसाय-प्रक्रियेचे निर्देशक नेमके ठरवण्याची आणि मांडण्याची पद्धत

समजा, पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका मशिन शॉपकडे जुलै महिन्यात एका ग्राहकाच्या दहा पीओ लाइन (पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, लाइन म्हणजे तिच्यातली एका वस्तूची ओळ) द्यायच्या होत्या. पाच लाइनचा पूर्ण माल मूळ तारखेच्या आत ग्राहकाच्या गेटवर पोचला. दोन लाइनचा माल ठरलेल्या तारखेलाच इथून निघाला, पण तिथे पोचला दुसऱ्या दिवशी. एका लाइनची तारीख ग्राहकानेच ड्रॉइंग बदलल्यामुळे पुढे गेली आणि नव्या तारखेच्या आत माल मिळाला. एका लाइनमध्ये २०० पैकी १८० नग वेळेत पोचले, २० मागाहून. उरलेली एक सरळ उशिरा गेली.

डिस्पॅचची तारीख धरली, सुधारित तारीख मान्य केली आणि अर्धवट गेलेली लाइनही मोजली, तर दहापैकी नऊ लाइन वेळेवर, म्हणजे ९० टक्के. ग्राहकाच्या जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख, मूळ तारीख आणि पूर्ण नग असा हिशेब केला तर पाचच, म्हणजे ५० टक्के. सुधारित तारीख मान्य, पण बाकी नियम ग्राहकाचे, असे केले तर ६०. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. मासिक बैठकीत मात्र दोन्ही बाजू आपापला आकडा धरून बसतात आणि उशीर का झाला, या प्रश्नापर्यंत बोलणे पोचतच नाही.

म्हणून निर्देशकाला नुसते नाव देऊन भागत नाही. तो प्रक्रियेतल्या घटनांना बांधावा लागतो. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत मोजायचे, कोणत्या केसेस धरायच्या, आकडे एकत्र कसे करायचे, हे सगळे लिहून ठेवावे लागते. ऑर्डर स्वीकारण्यापासून माल पोचेपर्यंतची प्रक्रिया उदाहरण म्हणून घेऊन हे काम पायरीपायरीने कसे करायचे ते पाहू. हॉस्पिटलचा डिस्चार्ज असो की कर्जाचा अर्ज, पद्धत हीच लागू पडते.

पायरी १: निर्णय कोणता, ते आधी लिहा

‘हा आकडा वाईट आला तर कोण काय बदलेल?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात येत नसेल तर तो निर्देशक करू नका. ‘प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) गेलेला माल परत यायला लागणारे दिवस वाढले तर खरेदी विभाग दुसरा वेंडर उभा करेल’ हे उत्तर चालते. ‘मालकांना माहिती राहील’ हे चालत नाही. एका प्रक्रियेसाठी सुरुवातीला चार ते सहा निर्देशक पुरे. वीस ठेवले की त्यातले पंधरा भरण्यासाठीच कोणीतरी राबत राहते.

पायरी २: प्रक्रियेचा नकाशा काढा आणि त्यावर घटना पक्क्या करा

नकाशासाठी बीपीएमएन ही चित्रलिपी सर्वांत सोयीची. तिची २.० आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. प्रत्येक विभागाची आडवी पट्टी, काम म्हणजे गोल कोपऱ्यांचा चौकोन, निर्णय म्हणजे शंकरपाळ्याचा आकार, घटना म्हणजे वर्तुळ, एवढे आले की सुरुवात होते. निर्देशकासाठी मात्र तिच्यात वेगळे चिन्ह नाही. म्हणून नकाशावर मोजणीच्या जागी क्रमांक लिहायचे आणि व्याख्या वेगळ्या पत्रकात ठेवायची.

आपल्या उदाहरणात मोजता येण्यासारख्या घटना अशा: (१) पीओ स्वीकारल्याचा मेल गेला, (२) कच्चा माल स्टोअरमध्ये आला, (३) जॉब कार्ड (शॉपमधल्या एका कामाचे पत्रक) निघाले, (४) पहिले ऑपरेशन सुरू झाले, (५) प्लेटिंगसाठी चलनावर (मालासोबतच्या पावतीवर) माल बाहेर गेला, (६) तो परत आला, (७) पीडीआय (माल पाठवण्याआधीची तपासणी) पास झाले, (८) गाडी गेटमधून सुटली, (९) ग्राहकाचे जीआरएन झाले.

प्रत्येक घटनेसमोर तिचा पुरावा लिहा. चलनाची तारीख आहे, गेट रजिस्टर आहे, जीआरएन ग्राहकाच्या पोर्टलवर दिसतो. पण ‘पहिले ऑपरेशन सुरू’ याचा पुरावा काय? जॉब कार्डवर ऑपरेटरने वेळ लिहिली तरच. अनेक शॉपमध्ये ही वेळ शिफ्ट संपताना एकदम भरली जाते, आणि मग दिवसभरात सुरू झालेली सगळी कामे संध्याकाळी एकाच वेळी सुरू झालेली दिसतात. अशा घटनेवर तासांत मोजणारा निर्देशक बांधू नका. दिवसांत बांधा, किंवा आधी नोंद सुधारा. पुराव्याशिवायची घटना नकाशावर असू द्या, पण मोजणीत घेऊ नका.

इथेच आणखी एक निर्णय होतो, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो: एक ‘केस’ म्हणजे काय? पीओ, पीओची एक लाइन, की एक जॉब कार्ड? ५०० नगांची लाइन दोन जॉब कार्डांत फुटली, किंवा दोन पीओंचे सारखे नग एकाच कार्डवर चालवले, की पीओ आणि कार्ड यांची जोडी एकास एक राहत नाही. ग्राहकाला दाखवायच्या निर्देशकांसाठी पीओ लाइन ही केस ठेवा, शॉप फ्लोअरच्या निर्देशकांसाठी जॉब कार्ड, आणि दोन्हींना जोडणारा एक तक्ता राखा. तो नसेल तर उशिरा गेलेली लाइन नेमक्या कोणत्या ऑपरेशनवर अडली, हे नंतर शोधता येत नाही.

सुरुवातीची घटना कधी कधी कायदाच ठरवून देतो. ‘पैसे यायला लागलेले दिवस’ बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून मोजतात. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायच्या पैशांबाबत २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातली ४५ दिवसांची कमाल मुदत माल स्वीकारल्याच्या किंवा स्वीकारला असे मानल्या गेलेल्या दिवसापासून चालते, आणि लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच स्वीकृतीचा दिवस मानतात. तेव्हा हा निर्देशक बिलाला नव्हे, ग्राहकाच्या गेटवरच्या नोंदीला बांधलेला बरा. थकबाकीसाठी पत्र लिहिताना तोच उपयोगी पडतो.

पायरी ३: मूळ मोजमाप कोणत्या प्रकारचे, ते ओळखा

स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठातल्या संशोधकांनी पीपीआयनॉट नावाची मांडणी केली आहे. तिच्यातले वर्गीकरण रोजच्या कामात फार उपयोगी पडते. एका केसवर चारच गोष्टी मोजता येतात: दोन घटनांमधला वेळ, एखादी घटना किती वेळा घडली, एखादी अट पूर्ण झाली की नाही, आणि एखाद्या नोंदीतली किंमत, जसे रिजेक्ट नग किंवा बिलाची रक्कम. बाकी सगळे निर्देशक यांच्या बेरजा, सरासऱ्या आणि गुणोत्तरे असतात.

वेळेच्या मोजमापात एक खाचखळगा आहे. काम परत फिरले तर? समजा माल प्लेटिंगला गेला, ४ दिवसांनी आला, जाडी कमी भरली, ५ दिवस रॅकवर पडून राहिला, पुन्हा गेला आणि ३ दिवसांनी आला. पहिल्यांदा बाहेर जाण्यापासून शेवटी परत येण्यापर्यंत मोजले तर १२ दिवस. प्रत्येक फेरीचे दिवस मिळवले तर ७. ग्राहकाला किती थांबावे लागले, याचे उत्तर १२ आहे. वेंडरने किती दिवस घेतले, याचे उत्तर ७. वेंडरच्या गुणपत्रकात १२ टाकले तर आपल्याच रॅकवरचे ५ दिवस त्याच्या माथी जातात, आणि ते ५ दिवस कमी करायला कोणी हात लावत नाही. पत्रकात ‘पहिली ते शेवटची’ की ‘सर्व फेऱ्यांची बेरीज’ हे शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अटींच्या मोजमापात ‘पहिल्याच वेळी पास’ हा सर्वांत बोलका निर्देशक. तो ऑपरेशनवार काढा आणि मग गुणाकार करा. टर्निंगला ९५ टक्के, व्हीएमसीला (मिलिंगच्या संगणकीय मशिनला) ९२, डिबरिंगला (कडांचे खरखरीत कंगोरे काढण्याला) ९७, प्लेटिंगला ९० असेल तर प्रत्येक विभाग समाधानी असतो. पण ०.९५ × ०.९२ × ०.९७ × ०.९० केले की उत्तर ०.७६ येते. शंभरातले ७६ नगच कुठेही रीवर्क (पुन्हा दुरुस्तीचे काम) न होता पार पडले. शेवटच्या तपासणीत ९९ टक्के पास दाखवणाऱ्या शॉपमध्ये बाकीच्यांचा रीवर्क कोणत्या तासांत झाला, हे शोधायला इथून सुरुवात होते.

पायरी ४: एकत्र करण्याचा नियम

सरासरी ही सवयीने घेतली जाते, आणि बहुतेक वेळा ती चुकीची निवड असते. दहा जॉबना लागलेले दिवस असे धरा: ६, ७, ७, ८, ८, ९, ९, १०, १२, ३४. सरासरी ११ येते, पण दहापैकी आठ जॉब १० दिवसांच्या आतच झाले. मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) ८.५ आहे. एका अडकलेल्या जॉबने सरासरी फुगवली. ग्राहकाला तारीख देण्यासाठी तर दोन्ही निरुपयोगी. तिथे ‘दहातले नऊ जॉब किती दिवसांत होतात’ हा प्रश्न विचारायचा, म्हणजे इथे १२. वेळेच्या निर्देशकांसाठी मध्यक आणि नव्वदावा शततमक (ज्याच्या आत नव्वद टक्के केसेस येतात तो आकडा) अशी जोडी ठेवा आणि ३४ दिवसांचा जॉब वेगळा काढून त्याचे कारण लिहा.

टक्केवाऱ्यांची सरासरी कधीच काढू नका. एका आठवड्यात ४ पैकी २ लाइन वेळेवर (५० टक्के), पुढच्यात २० पैकी १८ (९० टक्के). दोन्हींची सरासरी ७०. खरे उत्तर २४ पैकी २०, म्हणजे ८३ टक्के. आठवड्याचे अहवाल जोडून महिन्याचा अहवाल करणाऱ्या जवळपास प्रत्येक शीटमध्ये ही चूक सापडते. म्हणून शीटमध्ये टक्के साठवायचेच नाहीत. अंश आणि छेद साठवायचे.

आता सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा भाग: कोणत्या महिन्यात कोणती केस मोजायची? ‘या महिन्यात पूर्ण झालेले जॉब’ असा नियम सोपा असतो, पण त्यात अडकून पडलेले जॉब दिसत नाहीत. उलट, सुपरवायझरने मेहनत घेऊन जुना तुंबलेला माल काढला की त्या महिन्याचा आकडा एकदम बिघडतो. चांगल्या कामाची शिक्षा मिळते, हे लोकांच्या पटकन लक्षात येते आणि जुने जॉब आणखी जुने होत राहतात. त्यावर उपाय असा: वेळेवर डिलिव्हरीसाठी ‘या महिन्यात देय असलेल्या लाइन’ मोजा, पूर्ण झाल्या असोत वा नसोत. आणि लीड टाइमसोबत (जॉब सुरू होऊन पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेसोबत) ‘महिन्याच्या शेवटी १५ दिवसांहून जुने उघडे जॉब किती’ हा दुसरा आकडा दाखवा.

पायरी ५: पत्रक भरा

प्रत्येक निर्देशकाचे एक पान. नमुना असा:

क्रमांक: डी-१, आवृत्ती २
नाव: पूर्ण आणि वेळेवर पोचलेल्या पीओ लाइन
निर्णय: सलग घसरण दिसली तर प्लॅनिंग विभाग नव्या पीओंना देण्याच्या तारखा बदलेल
केस: पीओची एक लाइन
मोजमाप: अट. जीआरएनची तारीख देय तारखेच्या आत किंवा त्याच दिवशी, आणि जीआरएनचे नग पीओच्या नगांइतके किंवा जास्त
देय तारीख: मूळ पीओतली. ग्राहकाने लेखी बदल दिला असेल तरच बदललेली. आपण मागून घेतलेली मुदतवाढ चालणार नाही
वगळायच्या केसेस: रद्द झालेल्या लाइन, सँपल
एकत्रीकरण: अट पूर्ण झालेल्या लाइन भागिले त्या महिन्यात देय लाइन
स्रोत: ग्राहक पोर्टलवरचा जीआरएन अहवाल, पोर्टल नसेल तर शिक्का मारलेले चलन
लक्ष्य आणि मर्यादा: पायरी ७ प्रमाणे
जबाबदार: प्लॅनिंग. आकडा काढणारा: लेखा विभाग
मुदत: पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत

आकडा काढणारा आणि आकड्याला जबाबदार असणारा, या दोन व्यक्ती वेगळ्या ठेवा. हा अविश्वास नव्हे. स्वतःच्या कामाची सीमारेषेवरची केस स्वतःच ठरवायची वेळ कोणावर आणू नये.

पत्रक तयार झाले की एक कसोटी घ्या. दोघांना तेच पत्रक आणि तीच मागच्या महिन्याची कागदपत्रे द्या, एकमेकांशी न बोलता आकडा काढायला सांगा. उत्तर वेगळे आले तर व्याख्येत भोक आहे. ते बहुधा अर्धवट डिलिव्हरी, सुट्टी किंवा ‘लेखी बदल’ म्हणजे व्हॉट्सअॅप धरायचा का, यांपैकी एका जागी सापडते.

पायरी ६: शीटमध्ये मोजणी, आणि तिथले सापळे

महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. केस क्रमांक, घटना आणि तारीख-वेळ या तीन रकान्यांची एक लांब यादी पुरते. प्रत्येक घटनेची एक ओळ. एकाच ओळीत सगळ्या घटना भरू नका, नाहीतर प्लेटिंगच्या दुसऱ्या फेरीला जागाच उरत नाही.

कामाचे दिवस मोजताना एक्सेलचे साधे नेटवर्कडेज सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरते. भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथे त्याच सूत्राचा आंतरराष्ट्रीय प्रकार वापरा आणि सुट्टीचा कोड १५ द्या. फक्त रविवारसाठी कोड ११ आहे. हे सूत्र दोन्ही टोकांचे दिवस मोजते, म्हणजे सकाळी निघालेला आणि संध्याकाळी परतलेला माल १ दिवस दाखवतो. ‘उलटलेले दिवस’ हवे असतील तर १ वजा करा, आणि वजा केले आहे हे पत्रकात लिहा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी वेगळ्या रकान्यात ठेवून सूत्राला जोडा. मात्र हा हिशेब आतल्या कामासाठी. ग्राहकाचे दिवस कॅलेंडरचेच असतात.

तारखांचा दुसरा सापळा त्यांच्या रूपाचा. पोर्टलवरून उतरवलेल्या फाइलमध्ये ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे संगणकाच्या सेटिंगवर अवलंबून असते, आणि १२ नंतरच्या तारखा मजकूर म्हणून तशाच पडून राहतात. फाइल उघडताच एका ओळखीच्या चलनाची तारीख ताडून पाहा. उणे दिवस दाखवणाऱ्या ओळी गाळून टाकू नका. जीआरएन डिस्पॅचच्या आधीचा दिसत असेल तर कुठेतरी नोंद उलटी झाली आहे.

आकडे निघाल्यावर लिटलच्या नियमाने पडताळा घ्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम सांगतो की, स्थिर चालणाऱ्या प्रक्रियेत सरासरी उघडी कामे म्हणजे रोज पूर्ण होणारी कामे गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ. फ्लोअरवर सरासरी ६० जॉब कार्डे उघडी आणि रोज ५ पूर्ण होत असतील, तर सरासरी वेळ १२ दिवस असायला हवा. शीट ७ दिवस दाखवत असेल तर शीटवर विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा जॉब कार्ड निघून दिवस उलटतात आणि ‘सुरू’ची तारीख नंतर पडते, ते मधले दिवस हिशेबातून निसटलेले असतात.

पायरी ७: लक्ष्य ठरवण्याआधी चढउतार पाहा

९५ टक्के हे गोल लक्ष्य भिंतीवर लिहिण्याआधी, प्रक्रिया आज किती हलते ते बघा. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या नियंत्रण-तक्त्याचा साधा प्रकार इथे पुरतो. आठ आठवड्यांचे लीड टाइमचे आकडे घ्या: ११, १३, १०, १२, १४, ११, १३, १२. सरासरी १२. लागोपाठच्या आकड्यांमधले फरक २, ३, २, २, ३, २, १. त्यांची सरासरी २.१४. तिला २.६६ ने (हा या तक्त्याचा ठरलेला गुणक) गुणले की ५.७. म्हणजे १२ अधिक-उणे ५.७, अर्थात सुमारे ६.३ ते १७.७ ही या प्रक्रियेची नेहमीची रुंदी. पुढच्या आठवड्यात १५ आले म्हणून सुपरवायझरला बोलावून कारण विचारण्यात अर्थ नाही. कारण सापडणार नाही, बनवले जाईल. १९ आले तर मात्र त्याच दिवशी शोध घ्या. आठ आठवड्यांवरच्या मर्यादा कच्च्या असतात, वीसेक आठवडे झाले की पुन्हा काढा.

ग्राहकाला १० दिवस हवे आहेत आणि प्रक्रिया १२ भोवती फिरते आहे, तर लक्ष्य १० लिहिल्याने काही होणार नाही. प्रक्रियाच बदलावी लागेल: बॅच लहान करणे, प्लेटिंगची गाडी रोज पाठवणे, सेटिंगचा वेळ कमी करणे. त्या बदलाची तारीख तक्त्यावर उभी रेघ मारून दाखवा, म्हणजे आधी-नंतरचा फरक नजरेत भरतो.

पायरी ८: प्रत्येक निर्देशकाला जोडीदार द्या

एकच आकडा दाबला की फुगा दुसरीकडे येतो. वेळेवर डिलिव्हरीसोबत स्वतंत्र टेम्पोवर झालेला जादा वाहतूक खर्च दाखवा. रिजेक्शनसोबत रीवर्कचे तास. स्टॉक कमी करण्याच्या निर्देशकासोबत माल नसल्यामुळे मशिन थांबल्याचे तास. जोडीतले दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाच महिन्याचे आणि एकाच केसवरून काढलेले असावेत. लाइनवार डिलिव्हरी आणि गाडीवार वाहतूक खर्च यांची सांगड घालता येत नसेल, तर गाडीचा खर्च लाइनवर वाटण्याचा नियमही पत्रकात हवा.

पहिले तीन महिने या आकड्यांवर कोणाचेही बक्षीस किंवा कपात ठेवू नका. या काळात व्याख्या बदलतीलच. बदल झाला की पत्रकाची आवृत्ती वाढवा, तारीख टाका, आणि जुने महिने नव्या व्याख्येने पुन्हा काढा. घटनांची यादी जपलेली असेल तर हे काम तासाभराचे आहे. नुसते टक्के साठवले असतील तर जुने महिने परत काढता येत नाहीत. अशा वेळी तक्त्यावर रेघ मारून तिथून नवी मालिका सुरू करा आणि दोन्ही मालिकांची तुलना करू नका.